आधी कूलर, मग दार

इकबालभाऊ,

तुमची शोकसभा कँटीनमध्ये झाली. जेवणाची टेबलं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तुमचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. भाभींना तो हार चालला नसता, त्यामुळे त्या आल्या नाहीत ते एका परीनं बरंच झालं. युनिट हेड साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "शेख म्हणजे अतिशय शांत, समजूतदार, सगळ्यांशी जुळवून घेणारं व्यक्तिमत्त्व. व्यवस्थापनाला त्यांनी नेहमी सहकार्यच केलं." शेजारी बसलेल्या स्टोअरच्या बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला, नाहीतर मी भर सभेत हसले असते.

तुम्ही आणि जुळवून घेणारे! ज्या माणसानं त्याच साहेबांना मीटिंगमध्ये "उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा" असं ऐकवलं, त्याचं वर्णन चाललं होतं. मेलेल्या माणसाला लोक किती चटकन इस्त्री करून टाकतात. एक सुरकुती ठेवत नाहीत.

मी बोलायला उठले नाही. मला जे म्हणायचं आहे ते हार घातलेल्या फोटोसमोर म्हणण्यासारखं नाही, कारण त्यात निम्मं भांडण आहे. तेव्हा इथंच सांगते, आणि पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. मेलात म्हणून तुम्ही बरोबर ठरत नाही. आपला वाद जिथं होता तिथंच आहे.

गोंडपिपरीहून निघून, नागपूरला शिकून मी या कारखान्यात आले तेव्हा तुमचं काम काय ते मला कळेना. कारखान्यात क्लोरीन लागतो, त्याच्या टाक्या आहेत, नळ्या आहेत, झडपा आहेत, एवढं मला माहीत होतं. तुम्ही मात्र दिवसभर संगणकासमोर. मी विचारलं, "सर, तुम्ही नक्की करता काय?" तुम्ही म्हणालात, "मी रोज सकाळी कारखाना फोडतो. इथी फोडला का तिथी फुटत नाई." मग खुर्ची सरकवून मला दाखवलंत. एक झडप तुटली असं धरायचं. वारा कुठून, किती, हवा किती तापलेली, सगळं भरायचं. नकाशावर गॅस पसरायला लागायचा. पिवळा रंग म्हणजे डोळे चुरचुरणार, नारंगी म्हणजे माणूस दवाखान्यात जाणार. लाल म्हणजे काय, असं मी विचारलं. "लाल म्हणजे आपण नापास," एवढंच म्हणालात.

आणि "सर म्हणू नको, भाऊ म्हन," हेही त्याच दिवशी बजावलंत.

माझ्या आधीच्या लोकांना तुम्ही आधी सॉफ्टवेअर शिकवलं असेल. मला तुम्ही भर दुपारी उन्हात काढलंत. मे महिना होता. डोक्याला रुमाल बांधून आपण कुंपणापलीकडच्या वस्तीत गेलो. आपल्याच कारखान्यातले ठेक्यावरचे मजूर तिथं राहतात, कोणी जिवतीकडून आलेले, कोणी माझ्या तालुक्यातले. घराला घर लागलेलं, मधे एकच भिंत, बोळ एवढीशी. गल्लीत एक माणूस नव्हता. होता तो फक्त आवाज, सगळीकडून एकसारखी घरघर. "काय दिसून राह्यलं तुले?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, काहीच नाही, सगळे आत आहेत. "मागून ये," म्हणालात आणि घरांच्या पाठीमागे नेलंत. तिथं मला दिसलं. प्रत्येक घराच्या मागच्या खिडकीत एक कूलर, आणि प्रत्येक कूलरची जाळी आपल्या कारखान्याकडे. दुसरीकडे लावणार तरी कुठं? तिन्ही बाजूंनी घरं, मोकळी हवा फक्त कुंपणाच्या अंगाला.

मी चंद्रपूर जिल्ह्यात जन्मले, वाढले. कूलरच्या हवेत अभ्यास केला, कूलरच्या टाकीत पाणी भरण्यावरून भावाशी मारामाऱ्या केल्या. कूलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण त्या दिवसापर्यंत ते मी कधी मनात आणलं नव्हतं. आणलंत ते तुम्ही, कारण तुमच्या अब्बांनी जन्मभर पत्र्याचे कूलर ठोकले आणि तुमचे भाऊ सलीमभाई अजून त्याच दुकानात ठोकतात. तुमची इंजिनिअरिंगची फी त्या पत्र्यातून निघाली, असं तुम्ही जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायचात.

परत आल्यावर तुम्ही मला सॉफ्टवेअरमधलं घर दाखवलंत. गॅस घरात किती शिरतो हे काढायचं तर घर कसं आहे ते आधी सांगावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये एक घर तयारच भरलेलं असतं. थंड देशातलं घर. खिडक्या घट्ट, दार घट्ट. तशा घरात बाहेरची हवा इतकी हळू शिरते की तोवर गॅसचा लोट वाऱ्याबरोबर पुढे निघून जातो. म्हणून जगभर एकच सूचना: सायरन वाजला की घरात जा, दारं-खिडक्या लावा. आपल्या वस्तीत वाटलेल्या पत्रकातही तीच. तुम्ही त्या घराच्या जागी कूलर लावलेलं घर टाकलंत आणि पुन्हा झडप तोडलीत. बाहेरचा रंग होता तसाच राहिला. घरं मात्र एकामागून एक लाल होत गेली. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला होता, ते नंतर लक्षात आलं.

यावर तुम्ही थांबला असतात तर तुम्ही इकबालभाऊ कसले? सॉफ्टवेअरवर विश्वास नाही म्हणालात, आणि रविवारी मला घरी बोलावलंत. बैठकीची खोली बंद केली, भाभींना आत खुर्चीवर बसवलं आणि तुम्ही बाहेर कूलरच्या जाळीपाशी लोबान पेटवून उभे राहिलात. मी दाराशी घड्याळ घेऊन. लोबान नीट पेटायच्या आधीच आतून भाभी ओरडल्या, "आला, आला!" मग कूलर बंद करून केलं. मग कूलर बंद करून त्याच्या तोंडावर ओली चादर टाकून केलं. तेव्हा भाभी आत इतका वेळ गप्प राहिल्या की त्यांना झोप लागली की काय, म्हणून तुम्ही दार वाजवलंत. "झोपली नाही, घामानं मेली मी," त्या म्हणाल्या. दुपारभर तो धूर, मयताच्या घरी असतो तसा. शेजारचे एक चाचा टोपी घालून आले आणि हळू आवाजात विचारायला लागले, "किसका इंतकाल हुआ?" तुम्ही गंभीर चेहरा करून सांगितलंत, "अभी तक किसी का नहीं. उसी की कोशिश कर रहे हैं." भाभींनी त्या दिवशी आपल्या दोघांनाही जेवायला वाढताना शिव्या दिल्या होत्या. मटण मात्र फर्मास होतं.

तुम्ही गेल्यावर मी भाभींना भेटायला गेले तेव्हा त्या बैठकीत कूलर चालू होता. भाभी त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "तुझ्याशी भांडून आले की जास्त जेवायचे."

ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत.

मग ती मीटिंग. पुण्याहून सल्लागार आले होते, कोट घालून. तुम्ही कूलरचं घर पडद्यावर लावलंत. सल्लागार म्हणाले, सॉफ्टवेअरमधलं मूळ घर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे, ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. तुम्ही म्हणालात, "मानक असन आंतरराष्ट्रीय. मे महिना चंद्रपूरचा आहे." त्यांनी दुसरी बाजू काढली. कूलरच्या गवतातून पाणी गळत असतं, त्यात क्लोरीन विरघळून जाईल. तुम्ही मान डोलावलीत. "विरघळन ना, थोडा विरघळन. थोडा म्हणजे किती, ते आपण दोघं त्या खोलीत बसून पाहू. तुम्ही या, मीही येतो." सल्लागारांनी पाण्याचा ग्लास उचलला. तेव्हा साहेब म्हणाले की एवढं लाल चित्र बाहेर गेलं तर लोक विनाकारण घाबरतील, आणि शिवाय दरवर्षीचं मॉक ड्रिल तर यशस्वीच होतं ना?

होतं की. दर जानेवारीत होतं. जानेवारीत वस्तीतले कूलर पोत्यांत गुंडाळून छपरावर ठेवलेले असतात. सायरन वाजतो, बाया लेकरांना घेऊन घरात जातात, दारं लावतात, निरीक्षण करणारे खुणा करतात, मग सगळ्यांना केळी आणि बिस्किटं. उन्हाळ्यात ड्रिल घ्या म्हणून तुम्ही किती वेळा मागे लागलात. उत्तर ठरलेलं: उन्हाळ्यात ड्रिल घेतलं तर लोकांना ऊन लागेल. म्हणजे ड्रिलला उन्हाची काळजी, जणू गॅस ऊन बघून थांबणार आहे. पालथ्या घड्यावर पाणी. तरी तुम्ही ओतत राहिलात. तुमच्या या हट्टापायी मला कितीदा लाज वाटली आणि किती अभिमान वाटला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आता सांगते. अभिमान जास्त होता.

पण वाद तो नव्हताच. साहेबांशी भांडताना आपण एका बाजूला होतो. आपलं फाटलं ते उपायावरून.

तुमचं म्हणणं होतं, सायरन वाजला की वस्तीची वीजच तोडायची. कारखान्यातून बटन दाबलं की सगळे कूलर एका दमात बंद. मी म्हटलं, भाऊ, असं करू नका. आपल्याकडे लाईट गेली की माणूस काय करतो? बाहेर येतो. शेजाऱ्याला विचारतो, तुमचीही गेली का? त्याची गेली असेल तर जीव भांड्यात पडतो, नसेल गेली तर फ्यूज बघतो. तुम्ही वीज तोडाल आणि अख्खी वस्ती गॅसमध्ये येऊन उभी राहील. "मग काय करतेस? हात जोडतेस का सगळ्यायले, कूलर बंद करा म्हनून?" तुम्ही म्हणालात. हो, म्हटलं. हात जोडते, शिकवते, सराव घेते. लोक आपल्या हातानं बंद करतील. आधी कूलर, मग दार. तुम्ही चिडलात. "घाबरलेल्या माणसाच्या हातावर कारखाना सोडता येते काय? बटन घाबरत नाई, निमगडे बाई." तुम्ही रागावलात की मी वैशालीची निमगडे बाई व्हायचे. मीही सोडलं नाही. "बटन घाबरत नाही, पण बटनाला माणसं माहीत नाहीत," म्हटलं. चहाच्या टपरीवर हा वाद झाला आणि टपरीवाल्यानं दोनदा चहा दिला तरी संपला नाही. उठताना तुम्ही म्हणालात, "तू बरोबर असशील तं दाखव मले." आणि स्कूटर काढून निघून गेलात. त्याच आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि नागपूरला नेताना वरोऱ्याच्या पुढे तुमचं हृदय बंद पडलं. पुढचं ज्यांना लिहायचं ते लिहोत.

दाखव म्हणालात आणि बघायला थांबला नाहीत. ही कुठली पद्धत?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. क्लोरीनची नवीन साठवण करायची आहे, तुम्हाला माहीत होतं ते. जागा वस्तीच्या कुंपणाकडची. त्यासाठी धोक्याचा अहवाल द्यायचा आहे, आणि त्यात घर मूळचंच हवं, बिनकूलरचं. सूचनाही जुनीच: घरात जा, दार लावा. "शेखचा त्या विषयावर थोडा आग्रह होता," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आता तुम्ही विभाग सांभाळताय. सोमवारी सही करून द्या." मला एकदम समजलं की तुमच्याबरोबर काय काय पुरायचं ठरलं आहे. मी सोमवारी बोलते म्हटलं आणि बाहेर आले. माझी नोकरी गेली तर घरी आईचा चेहरा कसा होईल ते डोळ्यासमोर आलं. हीच आई, जिला तुम्ही दीक्षाभूमीच्या गर्दीत पाणी शोधून आणून दिलं होतं. तिला फोन केला. ती म्हणाली, "इकबालभाऊ असते तं काय म्हन्ले असते?" मी म्हटलं, शिव्या दिल्या असत्या. "मग मले काऊन विचारतेस?" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी वस्तीत गेले. कुंपणाच्या बाजूला शिलाई मशीन चालवणाऱ्या कांताबाई राहतात, जिवतीच्या. वस्तीतल्या बाया त्यांचं ऐकतात. त्यांना सगळं सांगितलं, लाल घरांसकट. त्या मशीन थांबवून ऐकत होत्या. "कंपनीवाल्यायनं आमाले कागद देल्ला होता बाई," त्या म्हणाल्या. "घरात जा, दार लावा. आता उन्हातून पळत घरात आलो, दार लावलं, तं पयलं काम काय करीन मी? कूलर फुल करीन." इतक्या साध्या शब्दांत आपल्या दोघांनाही ते कधी मांडता आलं नव्हतं, भाऊ. आपण म्हणत होतो लोक कूलर बंद करायला विसरतील. त्या म्हणत होत्या, आम्ही तो मुद्दाम सुरू करू.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सराव केला. कंपनीला न विचारता, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भोंग्यावरून. ठरलं होतं तेवढंच मी बोलले: आधी कूलर, मग कूलरच्या तोंडावर ओली चादर, मग दार. आणि पायरीवर उभी राहून ऐकत राहिले. एक घरघर थांबली. दुसरी थांबली. मग ओळीनं थांबत गेल्या. इतकी शांतता झाली की झाडावरच्या कावळ्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी मनात म्हटलं, बघा भाऊ, बघा, आपल्या हातानं बंद केले.

आणि तेवढ्यात सगळी दारं उघडली. बाया, म्हातारे, लेकरं, सगळे गल्लीत. "तुमचा बी बंद झाला काय वं?" एकमेकींना विचारून राहिल्या! स्वतःच्या हातानं बटन दाबून आलेल्या बाया. कूलरचा आवाज थांबला की लाईट गेली आणि लाईट गेली की बाहेर, हे जन्मापासून अंगात मुरलेलं. त्याला वीज तोडावी लागत नाही, नुसती शांतता पुरते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा गल्लीभर हसू फुटलं, आणि मी विहाराच्या पायरीवर बसून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. खिशातून फोन काढून तुमचा नंबर लावायला निघाले होते. लावलाही असता. तुम्ही म्हणाला असतात, "पाह्यलं? तुई माणसं." आणि मी म्हटलं असतं, तुमच्या बटनानंही हेच झालं असतं. दोघंही चुकलो होतो आणि सांगायला एकच उरली होती.

उपाय मी काढला नाही. तो बायांनी काढला. कांताबाई म्हणाल्या, शेजारणीचं काय झालं हे कळल्याशिवाय बाईमाणसाला आत चैन पडणार नाही, ते तुम्ही विसरा. पण घराला घर लागलेलं आहे, भिंत एकच. "कूलर बंद केला का भिंत ठोकाची. पलीकडून ठोकलं का समजाचं, तिचाही झाला. कोन्हीच ठोकलं नाई तं काहीतरी गडबड आहे." दुसऱ्या सरावाला मी कांताबाईंच्या घरात होते. कूलर थांबला, चादर पडली, दार लागलं, आणि एका बाजूनं ठक ठक झालं. कांताबाईंनी दुसरी भिंत ठोकली. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा ठोकलं. भिंतीपलीकडची घरघर चालूच होती.

पलीकडे मारोतीआबा राहतात, एकटे. सरावच आहे म्हणून आम्ही दार उघडून त्यांच्याकडे गेलो. आबा खाटेवर, कूलरच्या थेट समोर. ऐकू आलं होतं त्यांना सगळं. "मी नाई बंद करत," म्हणाले. "गॅसनं मरन का गर्मीनं मरन, मराचंच हाय तं थंड्यात मरतो." त्या एका घरापुरते तुम्ही बरोबर होतात, भाऊ. तिथं तुमचं बटनच चाललं असतं, हे मी मान्य करते. एका घरापुरतंच.

कांताबाईंनी वाद घातला नाही. कूलर बंद केला, आबांचाच दुपट्टा माठात बुडवून त्यांच्या डोक्यावर ठेवला, दार लावलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या. मीही बसले. अंधार, घाम, कोंडलेली हवा. मला वाटत होतं आबा आता उठतील. ते म्हणाले, "अजून किती?" मी म्हटलं, लोट पुढे जाईस्तोवर. मग ते कांताबाईंना त्यांच्या जिवतीच्या ज्वारीचं विचारत बसले, पाऊस कधी येतो, किडीचं काय. पुरेसा वेळ गेला. दार उघडताना आबा म्हणाले, "सोबत असन तं बसता येते." आता कांताबाईंनी ठरवलं आहे, सायरन वाजला की त्या आधी आबांच्या घरात जाणार आणि तिथंच दार लावणार.

सॉफ्टवेअरमध्ये सोबतीचा रकाना नाही. मी शोधला.

सोमवारी मी सही केली नाही. साहेबांना म्हटलं, कूलर चालू असलेलं घर आणि चादर टाकून बंद केलेलं घर, दोन्ही अहवालात हवीत, आणि नवी साठवण त्या कुंपणापाशी नको. साहेब म्हणाले, "मॅडम, शेख गेले, आता त्यांची लढाई तुम्ही कशाला अंगावर घेता?" मी म्हटलं, ही त्यांची कधीच नव्हती साहेब, कुंपणापलीकडच्या लोकांची आहे. त्यांनी माझ्याकडून विभाग काढून घेतला. संगणकावरचं माझं नाव बंद झालं, तुमचं मॉडेलही. माझ्याकडे छापील प्रत होती; मी तेच सगळं माझ्या सहीनं कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात देऊन आले. पुढे काय होईल माहीत नाही. मूग गिळून बसायचं शिक्षण तुम्ही मला दिलं नाहीत, त्याची किंमत आता मी मोजणार आणि तुम्ही निवांत.

राग येतो तुमचा. एवढं मोठं भांडण अर्धं सोडून कोणी जातं का? रोज सकाळी विभागाच्या दारापाशी पाय थबकतात. आता तिथं दुसराच कोणी बसतो आणि सॉफ्टवेअरमधलं थंड देशातलं घर हिरवंगार दिसतं. पण मी खचले आहे असं समजू नका. मी चिडले आहे, आणि चिडलेली मी कामाला जास्त बरी, हे तुम्हीच म्हणायचात.

आज दुपारी मी वस्तीत गेले नव्हते. मला कोणी बोलावलंही नव्हतं. संध्याकाळी कांताबाईंचा फोन आला. "बाई, आज आमी आमच्या मनानंच केलं. भोंगा मीच वाजवला. सगळ्या भिंती ठोकल्या. आबानं सोताच बटन दाबलं मी जाईस्तोवर. अन् एक बी बाई भाईर नाई आली."

ऐकलंत? सगळे कूलर बंद, आपल्या हातानं, भर मे महिन्यात, आणि एकही माणूस बाहेर नाही. कंपनीचं बटन नाही, तुमचं नाही, माझंसुद्धा नाही. तुम्ही हरलात, इकबालभाऊ. साफ हरलात. आता उठा आणि भांडा माझ्याशी.